दयेने मारलेली माणसं

मराठी कथा-कादंबरीत प्राणहितेच्या काठचा माणूस आला की तो पहिल्या पानापासून सोसतो, मधली पानं गप्प राहतो आणि शेवटी मरतो किंवा बंदूक उचलतो. याला मी व्यक्तिचित्रण म्हणत नाही. हा पंचनामा आहे, आणि तोही जागेवर न जाता लिहिलेला. मी बेज्जूरला राहतो. ज्यांच्याबद्दल हे लिहिलं जातं त्यांच्यात माझी ऊठबस आहे. मी त्यांच्याशी भांडतो, कधी त्यांच्याकडून फसतो आणि अडीनडीला त्यांच्याच दारात जातो. म्हणून स्पष्ट सांगतो, तुमच्या पुस्तकातला माणूस मला आमच्या बाजारात अजून एकदाही भेटलेला नाही.

बेज्जूर कुठे आहे ते आधी सांगावं लागतं, कारण मराठी वाचकाच्या नकाशात आम्ही नाही. तेलंगणातला जुना आदिलाबाद जिल्हा, २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद. वर्धा आणि वैनगंगा मिळून झालेली प्राणहिता आमच्या पूर्वेने वाहते, पलीकडे गडचिरोली. हैदराबाद संस्थानाच्या काळात किनवट आणि राजुरा आमच्याच जिल्ह्यात होते. १९५६ साली भाषेवर राज्यं पडली, ते तालुके तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. इथली मराठी कुणी बाहेरून आणून वसवलेली नाही. माणसं आधी होती, रेघ नंतर आली. इथला साधा गोंड शेतकरी घरात गोंडी बोलतो, कचेरीत तेलुगू, नदीपलीकडच्या दुकानदाराशी मराठी आणि कापसाच्या व्यापाऱ्याशी दखनी. चार भाषांत हुज्जत घालणाऱ्या या माणसाला तुम्ही पुस्तकात मुका करून ठेवता.

मी आयुष्यभर मराठी शिकवली. ते ऐकून पुण्या-नागपूरकडचे लिहिणारे हस्तलिखितं पाठवतात आणि सोबत प्रश्न पाठवतात. मोह कधी फुलतो? तेंदूपत्त्याची तोडणी कोणत्या महिन्यात? दिवाळीत गुस्साडी नाचताना डोक्यावर काय घालतात? देव कोणता, दारू कोणती? मी उत्तरं देतो. मोह मार्च-एप्रिलचा, पत्ता त्याच्या मागोमाग, गुस्साडीच्या डोक्यावर मोरपिसांचा टोप. पण एकानेही आजवर विचारलेलं नाही की या घरात भावाभावांत अबोला कशावरून धरला जातो. बायको नवऱ्यापासून पैसे कुठे लपवते, हे कुणाला जाणून घ्यायचं नाही. झाडं बरोबर हवीत, माणसं कशीही चालतात. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि शेळ्यांची जात तेवढी अचूक लिहायची, असला हा अभ्यास.

अशाच एका हस्तलिखितात गोंड तरुण नायक होता. दोनशेच्या वर पानं, आणि एवढ्या पानांत त्या तरुणाला काहीही नको होतं. मोटारसायकल नको, शेजाऱ्याच्या बैलजोडीचा हेवा नाही, सासरी मान नको, बापावर राग नाही. पोरगी आवडते, पण ती पळवून आणायचा विचारही मनात येत नाही. तो फक्त जंगलाकडे पाहतो आणि त्याचे डोळे भरून येतात. लेखकाला वाटत होतं की आपण या माणसाचा सन्मान केला. माझ्या मते त्याने त्याचं माणूसपण काढून घेतलं. ज्याला काही नको असतं तो एकतर संत असतो किंवा प्रेत, आणि संत तुम्हाला लिहिता येत नाहीत.

पात्र लक्षात राहतं ते त्याच्या हट्टामुळे, आणि त्या हट्टापायी त्याने दुसऱ्यावर केलेल्या अन्यायामुळे. दुसरं कारण मला माहीत नाही. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधली कौतिक १९६० सालापासून वाचकांच्या मनातून हलायला तयार नाही, ती का? तिची गरिबी विशेष नाही, तशी गरिबी त्या काळच्या वऱ्हाडात घरोघर होती. नवऱ्याचं हातावरचं शिवणकाम, त्यात त्याचा नाकर्तेपणा, वर महारोग. एवढ्यावर एखाद्याने करुण कथा उरकली असती. शेळके थांबत नाहीत, कारण कौतिक थांबत नाही. तिला पोराला शिकवायचं आहे, घर उभं करायचं आहे, आणि या हट्टापायी ती बोलते, टोचते, ओढते, माणसांना वापरून घेते. शेवटी तिचं मन ढासळतं तेव्हा वाचक हादरतो, कारण इतका वेळ तो एका चिवट, कधीकधी नकोशा वाटणाऱ्या बाईबरोबर चाललेला असतो. शेळक्यांनी तिच्यावर दया केली असती तर कौतिक दहाव्या पानावरच संपली असती.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या, १९५५ची. तिथला कारभारी मास्तरला हाताशी धरणारा, गावचा शहाणा म्हातारा. त्याच्या मुलीने, अंजीने, मास्तरकडे चोळी शिवून आणायला खण दिला, एवढ्यावरून हा शहाणा माणूस संशयाने आंधळा होतो आणि मास्तरशी तुटक वागायला लागतो. चोळीच्या एका खणावर माडगूळकरांनी धनगराच्या मनातली अब्रू, बापाचं भय आणि म्हातारपणाचा ताठा उभा केला. आज एखादा लेखक तो कारभारी लिहायला बसला तर त्याला निरागस मेंढपाळ करून ठेवील, आणि समाजाचा अपमान नको म्हणून संशयाचा प्रसंग गाळून टाकील. मग राहिलं काय? घोंगडी आणि मेंढरं.

कथालेखनाच्या कार्यशाळांनी या रोगाला खतपाणी घातलं आहे. तिथे एक तक्ता देतात. पात्राचं वय लिहा, उंची लिहा, आवडता रंग लिहा, लहानपणीची जखम लिहा. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टरने १९२७ साली सपाट आणि भरीव पात्रांचा भेद केला, तोही दोन ओळींत उरकून मोकळे होतात. त्याचं खरं म्हणणं होतं की भरीव पात्र आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकतं. रकाने भरून चकित करणारा माणूस तयार होत नाही, रेशनकार्ड तयार होतं. कापूस वेचणाऱ्या बाईचा आवडता रंग मला कशाला हवा? दिवस मावळताना तिच्या वेचणीचं वजन कमी भरलं आणि काटा धरणारा तिच्याच भावकीतला निघाला, तर ती त्याला तिथल्या तिथे बोलते, की घरी जाऊन त्याच्या आईपाशी बोलते? याचं उत्तर ज्याला सुचतं त्याला ती बाई सापडली. ते उत्तर तक्त्यात नसतं. कुणाच्या तरी शेताच्या बांधावर बसून ते मिळवावं लागतं.

आणि आमच्या जिल्ह्यात कुणी पात्र रचायला शिकायला आला, तर त्याचे गुरू इथेच आहेत. परधान. किंगरी वाजवत गोंडांच्या कुळांच्या आणि देवांच्या गाथा गाणारे हे लोक. १९४०च्या दशकात ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ इथे राहून गोंडांचा अभ्यास करत होता. १९४८ साली त्याचा ‘राजगोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ आला. परधानांची घरची बोली मराठी आणि गाथा मात्र गोंडीत, हे त्याने टिपून ठेवलं आहे. म्हणजे मराठी मातृभाषेच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या भाषेतली महाकथा तोंडपाठ जपली. मराठी साहित्याच्या इतिहासात यांना किती जागा मिळाली? मी पाहिलेल्या पुस्तकांत तरी मिळालेली नाही.

त्या गाथांत माणसं आणि देव कसे वागतात ते पाहा. नागपूरचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्याच्या नावाचं कॉलेज तिथे आहे, त्याने परधानाकडून गोंडांचा आदिपुरुष लिंगो याची गाथा उतरवून घेतली. ती त्याच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपलने छापली. त्यात गोंड जन्माला येतात, वाटेल ते खातात, अंघोळ करत नाहीत, आणि त्यांचा वास महादेवाला सहन होत नाही. महादेव त्यांना गुहेत कोंडून तोंडावर धोंडा लावतो. थोडे निसटतात. पुढे पार्वतीला चुकल्यासारखं होतं, कारण आपल्या गोंडांचा तो वास येईनासा झालेला असतो. त्या वासासाठी ती व्याकूळ होते. नवऱ्याला ज्याची किळस, बायकोला त्याचाच ध्यास. एवढ्या एका प्रसंगात दोन पात्रं, त्यांचा संसार आणि त्यांच्यातला बेबनाव पक्का उभा राहतो. कोणत्या मराठी लेखकाने अलीकडे इतकं धाडसी काही लिहिलं?

पुढे तर आणखी आहे. लिंगो ज्या भावांबरोबर राहतो त्यांच्या बायका त्याच्यावर आसक्त होतात. तो दाद देत नाही, तेव्हा त्या खोटा आळ घालतात. भाऊ त्याला मारून टाकतात आणि त्याचे डोळे काढून त्यांच्या गोट्या खेळतात. देव अमृत पाठवून त्याला उठवतात, आणि उठल्यावर लिंगो त्या भावांना सोडून गुहेतल्या बाकीच्या गोंडांच्या शोधात निघतो. ही पवित्र गाथा आहे. सणात, कार्यात बसून ऐकायची. ऐकणारे गोंड तिच्यातल्या सगळ्या पापांसकट तिला आपली म्हणतात, परधानाला दक्षिणा देतात, आणि आमच्या पूर्वजांची बदनामी झाली म्हणून कुणी उठून जात नाही. आपले पूर्वज हेवा करणारे, खोटं बोलणारे, खून करणारे होते हे ऐकण्याइतका तो समाज धीट आहे. शहरातल्या लेखकाचं काळीज तेवढं धीट नाही, म्हणून तो त्यांना गाईसारखं गरीब करून टाकतो.

यावर एक आक्षेप घेतात, आणि तो खरा आहे, त्याला टाळून चालणार नाही. म्हणतात, आदिवासी आधीच बदनाम आहेत. चोर, दारुडे, नक्षलवादी असे शिक्के त्यांच्यावर बसलेले आहेत. त्यात आपण दोष दाखवले तर शिक्का आणखी गडद होईल. धोका आहेच. पण तो कुठून येतो ते पाहा. पुस्तकभर एकच गोंड असतो, बाकी सगळे मास्तर, डॉक्टर, फौजदार, पत्रकार. मग त्या एकट्याच्या डोक्यावर अख्ख्या जमातीचं ओझं येतं. तो दारू प्याला की जमात प्याली. यावर त्याला सोवळा करणं हा उपाय नाही. त्याच्या शेजारी आणखी पाच गोंड आणा. एक कंजूष, एक बडबडा, एक देवधर्माला कंटाळलेली म्हातारी, एक निवडणुकीत पडून रुसून बसलेला, एक हिशोबाला इतकी पक्की की सावकार तिच्याशी व्यवहार करायला कचरतो. पाच माणसं एकमेकांच्या विरोधात उभी राहिली की शिक्का कुणावर मारायचा हे वाचकाला कळत नाही. गोऱ्यागोमट्या पात्रांच्या बाबतीत हे तुम्ही न सांगता करता. पुण्याच्या वाड्यावरच्या कादंबरीत एकच ब्राह्मण ठेवून त्याला समाजाचा प्रतिनिधी करण्याचं तुमच्या स्वप्नातही येत नाही.

बाहेरच्याने लिहूच नये, असं मी म्हणत नाही. मालतीबाई बेडेकर सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंटमध्ये काम करत होत्या. त्या अनुभवातून विभावरी शिरूरकर या नावाने १९५० साली त्यांनी ‘बळी’ लिहिली. त्या तारेच्या आत जन्मलेल्या नव्हत्या. पण तिथल्या माणसांनी त्यांना खोटं सांगितलं असेल, चिडवलं असेल, नाकारलं असेल, आणि त्या तरीही दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या असतील. लेखकाला नकार मिळाला पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्याला तो मिळत नाही, कारण तो दोन दिवसांचा पाहुणा असतो आणि पाहुण्याला आम्ही गोडच बोलतो. मोहाची दारू पाजतो, ढोल वाजवतो, फोटो काढू देतो. त्याला वाटतं, किती साधी माणसं. तो गेल्यावर त्याच्या बुटांवर, त्याच्या प्रश्नांवर, त्याने भाकरी कशी मोडली त्यावर चुलीपाशी जे बोलणं होतं, त्यातच त्याची कादंबरी होती.

भाषेचा गुन्हा याहून मोठा. आदिवासी पात्र बोललं की त्याची मराठी मोडायची, लिंग चुकवायचं, क्रियापद गाळायचं, ही चाल पडली आहे. तो मराठीत अडखळत असेल, मान्य. पण तो विचार कोणत्या भाषेत करतो? गोंडीत, आणि तिथे त्याच्याइतका फर्डा दुसरा नाही. तेव्हा त्याच्या मनात चाललेलं सगळं तुमच्याकडच्या सगळ्यात सुंदर, भरल्या मराठीत लिहा. तो कारकुनासमोर उभा राहील तेव्हा मराठी मोडा. आणि तो कारकून गोंडीतले दोन शब्द बोलायला गेला की त्याचीही तारांबळ तेवढ्याच प्रामाणिकपणे लिहा. आनंद यादवांनी १९७१ साली ‘गोतावळा’ अथपासून इतिपर्यंत शेतमजूर नारबाच्या बोलीत लिहिली. त्या बोलीत नारबाचं मन कुठेही लंगडत नाही. बैल, कुत्रं, झाडं, धनी, ट्रॅक्टर, सगळ्यांबद्दल त्याला पुरेपूर बोलता येतं. बोली ही माणसाची मर्यादा नव्हे, एवढं त्या पुस्तकाने पन्नास वर्षांपूर्वी दाखवून दिलं, तरी पालथ्या घड्यावर पाणी.

आता भीमकडे येतो, कारण जिल्ह्याला ज्याचं नाव दिलं त्याच्यावर झालेला अन्याय मला सगळ्यात जास्त बोचतो. कुमुरम भीम १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी गेला. त्या उठावानंतरच सरकारला गोंडांची चौकशी करावीशी वाटली आणि हायमेनडॉर्फ इथे आला. हैदराबादला टँकबंडवर भीमचा पुतळा आहे. २०२२च्या ‘आरआरआर’ चित्रपटाने त्याला जगभर नेलं. चित्रपट काल्पनिक आहे असं तो बनवणारे सांगतात, त्यांना तो अधिकार आहे. पण शेवटी त्या भीमला मित्र विचारतो, तुला काय हवं? आणि वाघाशी झुंजलेला तो भीम मागतो काय, तर शिक्षण. मला शिकव, माझ्या माणसांना शिकव. इकडे आमच्या भागात भीमची जी कथा सांगतात तिच्यात तो पिकाच्या भांडणात सिद्दीक नावाच्या माणसाला मारून पळतो, चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, येतो, तिथे विठोबा नावाच्या छापखानेवाल्याकडे कामाला राहतो आणि वाचायला-लिहायला शिकतो. मग आसामच्या चहामळ्यांत जातो, तिथून परततो आणि मग बारा गावांचा लढा उभा करतो. म्हणजे ज्याने छापखान्यात अक्षर मिळवलं म्हणतात, त्यालाच पडद्यावर अक्षराची भीक मागायला लावली. आणि टाळ्या वाजल्या.

तेलुगूत साहू आणि अल्लम राजय्या यांनी १९८३ साली भीमवर कादंबरी लिहिली. चांद्याचे दिवस मात्र मराठीच्या वाट्याचे आहेत. हातून खून झालेला एक गोंड पोरगा, चांद्याची वस्ती, छापखाना, शाई, उलटी अक्षरं. तो घाबरलेला होता का? रात्री दार वाजलं की काय करत होता? विठोबाला त्याने खरं कधी सांगितलं, की सांगितलंच नाही? चांद्यात त्याला आवडायला लागलं होतं का? आवडलं असेल तर तो परत का आला, आणि नसेल तर आणखी लांब आसामला का गेला? खून केल्याचा त्याला अभिमान होता की त्याबद्दल तो कुणाशीच बोलत नसे? या प्रश्नांना इतिहास उत्तर देणार नाही. ते काम कादंबरीचं आहे. पण आपल्याला हुतात्मा हवा असतो. हुतात्म्याला भीती वाटत नाही, मोह होत नाही, तो कुणाचे पैसे देणं लागत नाही. त्याची जयंती करता येते, त्याच्याबरोबर तीनशे पानं चालता येत नाही.

विषय संपले म्हणणाऱ्यांना मी इथे बसून दहा माणसं दाखवीन. कागजनगरची सिरपूर पेपर मिल २०१४ साली बंद पडली आणि २०१८ साली पुन्हा सुरू झाली. त्या चार वर्षांत, मिल उघडणारच, असं रोज म्हणणारा एखादा कामगार आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचं सोडून दिलेली त्याची बायको, यांच्यावर कादंबरी का नाही? आमच्या भागातल्या पालरापूच्या कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी सापडली. त्यांची राखण करायला माणसं नेमली गेली. मेलेल्या जनावरांच्या जिवावर जगणाऱ्या पाखरांची पिल्लं मोजणं हे ज्याचं पगारी काम आहे, त्याला सोयरे काय म्हणतात, आणि लग्नाच्या बैठकीत तो आपलं काम काय सांगतो?

किंवा महाराष्ट्र-तेलंगणाच्या सीमेवर जिवतीकडची ती चौदा गावं घ्या, परमडोली, मुकदमगुडा आणि बाकीची. दोन्ही राज्यं त्यांच्यावर हक्क सांगतात. एकाच गावात मराठी शाळा आणि तेलुगू शाळा, दोन सरपंच, दोन रेशनकार्डं. तिथल्या एका बाईला लिहा. तिला बिचारी करू नका. तिला दोन्ही राज्यांकडून घरकुल हवं आहे, आणि मधल्या जावेला एकही मिळू नये अशी तिची मनापासून इच्छा आहे. मोठ्या पोराला तिने मराठी शाळेत घातलं, धाकट्याला तेलुगू शाळेत, कोणती बाजू जिंकेल ते सांगता येत नाही म्हणून. आता ते दोघं भाऊ एकमेकांच्या वह्या वाचू शकत नाहीत, आणि थोरला तिच्यावर यासाठी चिडलेला आहे. मोजणीला आलेल्या साहेबापुढे ती कोणत्या भाषेत बोलायला सुरुवात करते, तिथून पहिलं प्रकरण लिहायला घ्या.